वाचकांचे प्रश्न : चकचकीत तारेवर किती विश्वास ठेवावा?

प्रश्न : मी साताऱ्यातील एका इंजिनिअरिंग कारखान्यातून निवृत्त झालो आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शीडनौकेतून एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या बातम्या वाचल्यापासून मला शीडनौकांचे वेड लागले. गेल्या वर्षी मी आणि माझ्या जावयांनी मिळून एक जुनी तीस फुटी शीडनौका घेतली. ती गोव्यात मांडवी नदीत असते. नौका १९९६ सालची आहे आणि डोलकाठीला आधार देणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारा शेवटच्या केव्हा बदलल्या, याची नोंद आधीच्या मालकांकडे नाही. तारा ६ मिलिमीटर जाडीच्या आणि चकचकीत आहेत, कोठे तुटलेले दिसत नाही. जावई म्हणतात की सगळ्या बदलून टाकू. जे धडधाकट आहे त्याला हात कशाला लावायचा, असे मला वाटते. बदलायच्याच झाल्या, तर साताऱ्यातल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून क्रेनचा वायर रोप घेऊन त्याला फासे पाडून घेतले तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या जावयांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याचे कारण आपण कारखान्यात आयुष्य काढले असल्याने आपल्याला चटकन पटेल. तारेचा जो भाग आपल्याला दिसतो तो सहसा निकामी होत नाही. निकामी होतो तो तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीच्या, म्हणजे स्वेजच्या, आतला इंचभर भाग, आणि तेथे आपली नजर पोचत नाही.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन धातूवर अत्यंत पातळ थर तयार होतो, आणि ओरखडा पडला तरी तो थर आपोआप पुन्हा भरून येतो. मात्र त्यासाठी ऑक्सिजन मिळत राहावा लागतो. डोलकाठीच्या खालच्या टोकाकडचे स्वेज वर तोंड करून उभे असतात. शिडावर उडालेले खारे पाणी तारेवरून ओघळत येते आणि त्या तोंडात, तारांच्या मधल्या फटीत मुरते. तेथे हवा खेळत नाही, थर भरून येत नाही आणि मिठातले क्लोराइड धातूला आतून पोखरू लागते. पाणी उन्हाने आटले तरी मीठ मागे उरते आणि पुढच्या फेरीत त्यावर आणखी मीठ साठते. म्हणूनच वरच्या टोकापेक्षा खालचे टोक लवकर जाते आणि थंड प्रदेशापेक्षा आपल्या उष्ण किनाऱ्यावर हे काम अधिक वेगाने होते. आपली नौका कोयनेच्या शिवसागर जलाशयात, गोड्या पाण्यात असती, तर मी इतका आग्रह धरला नसता. मांडवीच्या मुखाशी समुद्राची भरती रोज आत येते.

दुसरे कारण धातूच्या थकव्याचे आहे. नौका एका कुशीवर कलली की वाऱ्याकडची तार ताणली जाते आणि दुसऱ्या बाजूची सैल पडून हेलकावे खाते. दिशा बदलली की उलट होते. असे लाखो वेळा होते, आणि प्रत्येक वेळी तार वाकते ती नेमकी स्वेजच्या तोंडाशी, जेथे गंज आधीच कामाला लागलेला असतो.

माझ्या स्वतःच्या नौकेवरचा अनुभव सांगतो. पुढच्या शिडाची गुंडाळी करणारी नळी फोरस्टेवर, म्हणजे नाळेपासून (नौकेच्या पुढच्या टोकापासून) डोलकाठीच्या माथ्यापर्यंत जाणाऱ्या तारेवर, बसवलेली असते. एका दुरुस्ती यार्डाने माझ्या सर्व तारा तपासून ठीक असल्याचे लिहून दिले होते. पण त्या नळीच्या आतली तार त्यांनी पाहिलीच नव्हती. त्या पावसाळ्यात डोलकाठी उतरवल्यावर मी फोरस्टे नळीतून ओढून काढली, खालचा स्वेज मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तार हलकेच वाकवली. बाहेरच्या बारा तारांपैकी पाच तारा स्वेजच्या तोंडाशी करकर करत सुटून बाहेर आल्या. त्यांची तुटलेली टोके काळपट तपकिरी होती, म्हणजे त्या त्या दिवशी तुटलेल्या नव्हत्या. आदल्या मोसमात याच तारेच्या भरवशावर मी नातवंडांना घेऊन रत्नागिरीपर्यंत गेलो होतो. तेव्हापासून तारेचे वय कळत नसेल तर ती जुनीच धरायची, असा मी नियम केला आहे.

रिगिंगचे, म्हणजे डोलकाठी आणि तिच्या तारांचे, काम करणारे जाणकार (रिगर) आणि विमा कंपन्या साधारणपणे दहा वर्षांच्या सुमारास तारा बदलाव्यात असे सांगतात. गोड्या पाण्यात आणि कमी वापरात ही मुदत बरीच वाढते, खाऱ्या आणि उष्ण हवेत ती वाढवू नये. आपल्याकडे नोंदच नाही, त्यामुळे हिशेब नौकेच्या वयापासूनच धरावा लागेल.

आता क्रेनच्या वायर रोपविषयी. आपण साखर पट्ट्यातले, त्यामुळे ऊस उतरवणाऱ्या क्रेनचा वायर रोप आपण जवळून पाहिला असेल. तो मुद्दाम लवचिक बनवलेला असतो, कारण त्याला ड्रमवर आणि पुलीवर वळायचे असते; अनेक पेड आणि प्रत्येक पेडात अनेक बारीक तारा अशी त्याची रचना असते. डोलकाठीच्या तारेला कोठेही वळायचे नसते, तिला फक्त ताणलेले राहायचे असते. म्हणून ती एकोणीस जाड तारांची, एकाच पेडाची असते : मध्ये एक, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. ही तार ताठ असते, भाराखाली फार थोडी लांबते आणि तेवढ्याच जाडीच्या लवचिक रोपापेक्षा जास्त भार पेलते. ६ मिलिमीटरची अशी तार ३१६ प्रतीच्या स्टेनलेसमध्ये असेल तर साधारण २.८ ते ३ टनांना तुटते. क्रेनचा रोप लावला तर वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर तो लांबेल, डोलकाठी डुलू लागेल आणि कितीही ताण दिला तरी ती सरळ राहणार नाही.

प्रतीबद्दलही सावध राहावे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या पाण्यापुढे तेच टिकाव धरते. ३०४ मध्ये ते नसते. दुकानात लोहचुंबक लावून प्रत ओळखण्याची जी पद्धत आहे ती तारेच्या बाबतीत फसवी आहे, कारण तार ओढून बारीक करताना चांगल्या स्टेनलेसमध्येही थोडे चुंबकत्व येऊ शकते. माल घेताना कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे. जाडी मात्र आहे तीच ठेवावी. ‘थोडी जाड घेऊ, भक्कम होईल’ हा विचार येथे चुकतो, कारण डोलकाठीच्या माथ्यावरचे वजन वाढते आणि पिना व चेनप्लेट (तारा खालून ज्यांना जोडतात त्या पट्ट्या) यांचे माप जुनेच राहते.

साताऱ्यातल्या वर्कशॉपला या कामात जागा नाही असे मात्र नाही. स्वेज दाबण्याचे काम त्यासाठीच्या यंत्रावर, अनुभवी रिगरकडूनच करून घ्यावे. हातोडी आणि व्हाइसने ते होत नाही. पण खालच्या टोकांना आपण यांत्रिक टर्मिनल वापरू शकता, जे पान्याने बसवता येते : बाहेरच्या बारा तारा उलगडायच्या, आतल्या सात तारांच्या गाभ्यावर छोटा शंकू सरकवायचा, बाहेरच्या तारा शंकूवर पुन्हा बसवून आत पाणी शिरू नये म्हणून सीलंट भरायचे आणि टर्मिनल घट्ट आवळायचे. वरचे टोक रिगरकडून स्वेज करून घ्यावे, तार थोडी लांब ठेवावी आणि खालचे टोक नौकेवर प्रत्यक्ष माप घेऊन स्वतः बसवावे. लेथवर हात बसलेल्या माणसाला हे अवघड नाही, आणि दोन-पाच मिलिमीटरच्या चुकीपायी तार वाया जाण्याची भीतीही राहत नाही.

वर्कशॉपचा खरा उपयोग चेनप्लेटसाठी आहे. या पट्ट्या डेकमधून आत जातात आणि डेकच्या जाडीत लपलेल्या भागात तेच ओले, हवा नसलेले वातावरण असते. तारा नव्या आणि चेनप्लेट तीस वर्षांच्या, असे झाले तर खर्च करूनही धोका तसाच राहतो. त्या काढून साताऱ्याला आणाव्यात आणि डाय पेनिट्रंट चाचणी करून घ्यावी. ज्या कारखान्यांत कास्टिंग आणि वेल्डिंग तपासले जाते तेथे ही चाचणी रोजचीच असते : लाल रंग लावतात, पुसतात, पांढरा डेव्हलपर फवारतात, आणि केसाएवढी भेग असली तरी ती लाल रेघ होऊन वर येते. एकही रेघ दिसली तर ती पट्टी पॉलिश करून परत लावू नये, नवी करावी. जुन्या पिना आणि टर्नबकलही (तारेचा ताण कमी-जास्त करणारे आट्यांचे जोड) तारांबरोबरच बदलावेत.

कामाचा मुहूर्त पावसाळ्याचाच धरावा. जूनपूर्वी नौका पाण्याबाहेर काढताना क्रेन आलेलीच असते, त्याच वेळी डोलकाठी उतरवून घ्यावी. सैल करण्यापूर्वी प्रत्येक टर्नबकलचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवावे, प्रत्येक तारेला ‘उजवी वरची’, ‘डावी खालची पुढची’ अशी चिठ्ठी बांधावी आणि जुन्या तारा तशाच नमुना म्हणून रिगरकडे द्याव्यात. माप पिनेच्या भोकाच्या भार घेणाऱ्या कडेपासून दुसऱ्या टोकाच्या तशाच कडेपर्यंत, तार ताणून, घ्यावे. ऑक्टोबरमध्ये नौका पुन्हा पाण्यात जाईल तेव्हा सारे तयार असेल.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी सुट्टीत मुंबईच्या बंदरात शीडनौका चालवतो. गेल्या महिन्यात सर्व तारा नव्या बसवल्या, पण आता नौका कलली की वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूच्या तारा सैल होऊन लोंबतात. जुन्या इतक्या सैल होत नव्हत्या. ताण मोजण्याचे यंत्र आमच्याकडे नाही.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नव्या तारेतल्या एकोणीस तारा पहिल्या काही फेऱ्यांत एकमेकींवर दबून बसतात आणि तार किंचित लांबते, त्यामुळे काही दिवसांनी पुन्हा ताण द्यावा लागणे स्वाभाविक आहे. वारा चांगला असताना त्या बाजूच्या तारा थोड्या ढिल्या वाटल्या तर चिंता नको, पण लोंबून हेलकावे खाणे वाईट, कारण तोच तो थकवा आहे ज्याविषयी वरच्या उत्तरात लिहिले आहे.

यंत्राशिवाय ताण मोजता येतो. तार हाताने जेमतेम ताठ असताना दोन मीटरची सरळ पट्टी तारेला लावा, तिचे वरचे टोक चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि खालचे टोक मोकळे ठेवून त्याच्या कडेशी तारेवर खूण करा. आता टर्नबकल आवळत गेलात की तार लांबते आणि खूण पट्टीच्या टोकापासून खाली सरकते. या एकोणीस तारांच्या प्रकारात दोन मीटरला एक मिलिमीटर लांबी वाढली की ताण तारेच्या तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के होतो. डोलकाठीच्या माथ्याकडे जाणाऱ्या बाजूच्या तारांना साधारण १५ टक्के, म्हणजे तीन मिलिमीटर, पुरतात. डोलकाठी बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. दोन्ही बाजूंना आलटून पालटून सारखेच फेरे द्या. स्टेनलेसचे आटे कोरडे फिरवले तर एकमेकांना धरून जाम होतात, म्हणून आधी लॅनोलिन (लोकरीपासून मिळणारे ग्रीस) लावा. डोलकाठी सरळ उभी आहे ना हे पाहण्यासाठी, माथ्यावरून सोडलेला फीत-टेप दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटपर्यंत सारखा भरला पाहिजे.

शेवटी प्रत्येक टर्नबकलची स्प्लिट पिन न विसरता घालावी आणि तिचे पाय थोडेसेच फाकवावेत, म्हणजे अडचणीच्या वेळी ती पक्कडीने पटकन निघते. शीड फाटू नये म्हणून टोकांवर टेप गुंडाळावी, पण टर्नबकल पूर्ण लपेटू नये. पाणी बाहेर पडायला वाट राहिली पाहिजे.