पिस्तूल, घेवडा आणि भाऊबंदकी

वाचकांचे प्रश्न : चित्रपट

प्रश्न : मागील अंकात इटालियन वेस्टर्नविषयी लिहिताना आपण टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सर या जोडीला एका वाक्यात वाटेला लावले. मी नुकताच त्यांचा ‘दे कॉल मी ट्रिनिटी’ पाहिला. गोष्ट अगदी बेताची, मारामारी पोरकट. तरीही शेवटपर्यंत हसू आवरले नाही. हे नेमके कशामुळे होते? (एक वाचक, सांगली)

तक्रार रास्त आहे आणि प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे, म्हणून उत्तर थोडे मागून सुरू करतो. 1964 साली सर्जो लिओने यांनी ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांत इटलीत वेस्टर्नपटांचा, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या घोडेस्वार बंदूकबाजांच्या चित्रपटांचा, पूर आला. घामेजलेले चेहरे, अरुंद केलेले डोळे, सूड, शवपेट्या आणि दर दहा मिनिटांनी पडणारी प्रेते, असा त्यांचा ठरलेला मसाला होता. एन्झो बार्बोनी हा गृहस्थ या कारखान्यातला जुना कारागीर होता. शवपेटी फरफटत नेणाऱ्या नायकाचा ‘जँगो’ हा 1966 सालचा चित्रपट त्यानेच छायाचित्रित केला होता. 1970 साली, ई. बी. क्लचर असे इंग्रजी वळणाचे नाव घेऊन, त्याने ‘ट्रिनिटी’ लिहिला आणि दिग्दर्शित केला. वेस्टर्नमधले मरण त्याने जवळपास काढून टाकले आणि त्या रिकाम्या जागी भूक आणि आळस आणून बसवले.

सुरुवातीचा प्रसंग आठवून पाहा. घोडा रखडत चालला आहे, त्याच्यामागे दोन काठ्यांना बांधलेली झोळी जमिनीवरून घासत येते आहे आणि तिच्यात नायक ट्रिनिटी पहुडला आहे. लगाम धरण्याचेही कष्ट त्याला नको आहेत. वाटेवरच्या एका खानावळीत तो धुळीने माखलेल्या, भोके पडलेल्या कपड्यांत शिरतो, घेवड्याने भरलेले पसरट भांडे पुढ्यात ओढतो आणि पावाच्या तुकड्यांनी तळ पुसला जाईपर्यंत खात राहतो. कॅमेरा घाई करत नाही. एका जखमी कैद्याला घेऊन बसलेले दोन बंदूकबाज आणि खानावळवाला आ वासून पाहत राहतात, आणि आपणही पाहत राहतो. पोट भरल्यावर तो सहज म्हणावे तसा त्या कैद्याला आपल्याबरोबर घेऊन निघतो. मागून नेम धरणाऱ्यांवर मान न वळवताच गोळी झाडतो आणि पुढे जातो. लिओनेच्या चित्रपटात जो ताण दोन पिस्तुलांमधल्या शांततेवर उभा केला जातो, तोच येथे एका भांड्यावर उभा केला आहे. नायक अजिंक्य आहे हे पहिल्या दहा मिनिटांतच कळून चुकल्यामुळे तो जिंकेल का, हा प्रश्न उरत नाही. तो उठण्याची तसदी घेईल का, एवढाच उरतो.

आता जोडीकडे येतो, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. विजोड जोडी म्हटले की आपण जाडा आणि सडपातळ, संतापी आणि हसरा, असा हिशेब मांडतो. तो चूक नाही, पण अपुरा आहे, कारण तसल्या जोड्या शेकड्यांनी आल्या आणि विसरल्या गेल्या. ट्रिनिटी (टेरेन्स हिल) आणि बॅम्बिनो (बड स्पेन्सर) हे मित्र नाहीत, ते सख्खे भाऊ आहेत. मित्र निवडता येतो आणि सोडताही येतो. भाऊ कपाळी लिहिलेला असतो. बॅम्बिनो हा घोडेचोर, खऱ्या शेरीफचा, म्हणजे गावच्या कायदारक्षकाचा, बिल्ला छातीवर लावून, साथीदारांची वाट पाहत गावात निमूट बसलेला असतो. त्याला फक्त शांतता हवी असते. अशा वेळी धाकटा भाऊ दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो घरातल्या थोरल्याला चांगला ओळखीचा असेल. ‘हा आला, आता सगळे बिघडणार’ हे त्याला ठाऊक असते आणि तसेच घडते. धाकट्याला मॉर्मन या अमेरिकन धर्मपंथातल्या दोन मुली आवडतात, मॉर्मनांची जमीन बळकावू पाहणाऱ्या मेजरशी तो वैर ओढवून घेतो आणि थोरल्याची घोडेचोरीची नीट आखलेली योजना मातीत जाते. आपण ज्याला भाऊबंदकी म्हणतो तिच्यात जमिनीच्या तुकड्यासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठतो. इथे जमीन तिसऱ्याचीच आहे आणि दोघे भाऊ एकमेकांवर करवादत का होईना, तिच्यासाठी लढतात. 1971 च्या दुसऱ्या भागात तर आजारी बाप शेवटची इच्छा म्हणून थोरल्याला गळ घालतो, की या उनाड पोराला हाताशी धर आणि चांगला दरोडेखोर बनव.

यात शरीरांचाही मोठा वाटा आहे. बड स्पेन्सर म्हणजे नेपल्सचा कार्लो पेदेर्सोली, 1929 चा जन्म. शंभर मीटर मुक्त शैलीचे अंतर एका मिनिटाच्या आत पोहणारा तो पहिला इटालियन. 1952 च्या हेलसिंकी आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये तो उतरला होता. टेरेन्स हिल म्हणजे व्हेनिसचा मारिओ जिरोत्ती, जन्म 1939 चा. बालपणापासून चित्रपटांत काम केलेला, निळ्या डोळ्यांचा, मांजरासारखा हलणारा. त्यामुळे हाणामारीची जणू विभागणीच ठरून जाते. थोरला जागचा हलत नाही. माणसे त्याच्यावर लाटांसारखी येऊन आदळतात आणि तो मूठ वरून खाली, डोक्याच्या मधोमध, खुंटी ठोकावी तशी आणतो. धाकटा टेबलांवरून, खांबांभोवती फिरत राहतो आणि प्रतिस्पर्ध्याचाच जोर त्याच्यावर उलटवतो. कॅमेरा दूर उभा असल्यामुळे कोणी कोणाला, कुठे आणि कशाने मारले, हे आपल्याला पूर्ण दिसते. हल्लीच्या मारामारीत तुकडे इतके बारीक कापलेले असतात की फक्त गोंधळ कळतो, मार कळत नाही. (माझ्या मुलाला हे पटत नाही, पण तोही हे चित्रपट तीनदा पाहतो.) मार खाणारेही तेच ते असतात. रिकार्दो पित्सुत्ती हा स्टंट-कलावंत या जोडीच्या इतक्या चित्रपटांत बदडला गेला आहे की तो पडद्यावर दिसताच ‘आला बिचारा’ असे म्हणावेसे वाटते.

प्रश्न : पण ही वेस्टर्नची निव्वळ टवाळीच नव्हे का? टवाळी करणे सोपे असते. (एक वाचक, पुणे)

टवाळी सोपी असते हे मान्य, मात्र या चित्रपटांना टवाळी म्हणता येईल असे मला वाटत नाही. ती इटलीत आधीच होऊन गेली होती. फ्रांको फ्रांकी आणि चिच्चो इन्ग्रासिया हे सिसिलीचे दोन विनोदी नट 1964 पासूनच वेस्टर्नची विडंबने करत होते. लिओनेच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’च्या नावाची फिरकी घेणारा त्यांचा चित्रपट मूळ चित्रपटानंतर वर्षभरातच आला. त्यांची रीत अशी, की दोन अडाणी भित्रे वेस्टर्नच्या जगात चुकून शिरतात आणि तिथली प्रत्येक गोष्ट बिघडवतात. बार्बोनीने उलटे केले. त्याचे नायक त्या जगातले सर्वांत कुशल लोक आहेत. आपले कसब वापरण्यात त्यांना रस नाही, इतकेच.

दुसऱ्या भागातला पत्त्यांच्या अड्ड्यावरचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. जुगारी पिस्तुलाकडे हात नेतो, तोवर ट्रिनिटीचे पिस्तूल त्याच्यावर रोखलेले असते. ट्रिनिटी ते परत खोचतो आणि जुगाऱ्याच्या मुस्काटात लगावतो. जुगारी चिडून पुन्हा हात नेतो; पुन्हा पिस्तूल, पुन्हा थप्पड. गोळी एकही सुटत नाही आणि तरीही पिस्तुलाच्या वेगाचा थरार पुरेपूर मिळतो. ज्याने वेस्टर्न मनापासून पाहिले आहेत, त्यालाच हे सुचू शकते. स्वतः लिओने यांनाही या लाटेची दखल घ्यावी लागली. 1973 सालच्या ‘माय नेम इज नोबडी’ची मूळ कल्पना त्यांची, दिग्दर्शन तोनिनो व्हालेरी यांचे. त्यात त्यांनी हेन्री फोंडा यांच्या थकलेल्या, निवृत्तीला टेकलेल्या बंदूकबाजासमोर टेरेन्स हिललाच उभे केले. जुन्या वेस्टर्नने नव्या वेस्टर्नच्या हाती किल्ल्या दिल्या, त्याही जरा नाइलाजाने, असे तो चित्रपट पाहताना जाणवते.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. या यशानंतर इटलीत जी नक्कल सुरू झाली, ती बहुतेक टाकाऊ होती. ढेकर आणि थपडा उचलल्या गेल्या, भावांमधले ते चिडके, न बोललेले प्रेम कोणालाच उचलता आले नाही.

प्रश्न : मी काही वर्षांपासून जर्मनीत राहते. येथे ऑफिसातले चाळिशीचे, पन्नाशीचे सहकारी बड स्पेन्सरचे संवाद तोंडपाठ म्हणतात. इटालियन चित्रपटांचे जर्मनांना एवढे प्रेम का? (एक वाचक, स्टुटगार्ट)

आपण राहता तिथून जवळच श्वेबिश ग्म्युंड हे गाव आहे. तेथे 2011 साली एका नव्या बोगद्याला नाव सुचवण्याचे आवाहन झाले आणि इंटरनेटवरच्या चाहत्यांनी बड स्पेन्सरच्या नावाचा सपाटा लावला. नगरपालिकेने बोगद्याला ते नाव दिले नाही, पण तडजोड म्हणून गावातल्या उघड्या जलतरण तलावाला दिले. 1951 साली पेदेर्सोली त्या गावी एका स्पर्धेत पोहून गेला होता, हे कारणही हाती होते. बर्लिनमध्ये 2021 साली त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले आणि बुडापेस्टमध्ये 2017 पासून त्याचा पुतळा आहे, म्हणजे हे वेड केवळ जर्मनांचे नाही.

जर्मन वेडाचे मोठे कारण ‘डबिंग’ हे आहे. इटलीत त्या काळी आवाज चित्रीकरणानंतर भरले जात. इटालियन प्रेक्षकांनीसुद्धा या दोघांचे स्वतःचे आवाज बहुतेक चित्रपटांत ऐकलेलेच नाहीत. त्यामुळे कोणत्याही देशात नवे संवाद घालण्याची मोकळीक होती. जर्मनीत राइनर ब्रांट या संवादलेखकाने ती पुरेपूर घेतली आणि मूळ पटकथेत नसलेल्या कोट्या, टोमणे आणि रांगड्या शिव्या पात्रांच्या तोंडी घातल्या. आपले सहकारी म्हणतात त्यांतले कितीतरी संवाद इटालियन माणसाने कधी ऐकलेलेच नसतील. एवढ्यावर भागले नाही. 1967 ते 1969 या काळात ज्युसेप्पे कोलित्सी यांनी या जोडीचे तीन बऱ्यापैकी गंभीर वेस्टर्न काढले होते. ‘ट्रिनिटी’ गाजल्यावर जर्मनीत त्यांतल्या चित्रपटांना नवी नावे आणि नवे विनोदी संवाद देऊन ते विनोदपट म्हणून पुन्हा प्रदर्शित केले गेले. मढ्याला फेटा बांधून वरातीत बसवावे, तसला हा प्रकार. शिवाय टेरेन्स हिलची आई जर्मन. युद्धाची वर्षे त्याने सॅक्सनीत काढली आणि साठच्या दशकात कार्ल माय या जर्मन लेखकाच्या कादंबऱ्यांवरच्या जर्मन वेस्टर्नपटांत कामेही केली. जर्मनांना तो पाहुणा कधी वाटलाच नाही.

प्रश्न : ‘शोले’तले जय आणि वीरू याच परंपरेतले मानावेत का? (एक वाचक, नागपूर)

अर्धे मानावेत. ‘शोले’ (1975) इटालियन वेस्टर्नच्या सावलीत वाढला आहे; ठाकुराच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग लिओनेच्या 1968 सालच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची आठवण करून देतोच. बडबड्या वीरू आणि अबोल जय ही जोडीही विजोड आहे. मौसीकडे वीरूचे स्थळ घेऊन गेलेला जय एकेक दुर्गुण गुणासारखा सांगत मित्राचे लग्न जवळजवळ मोडतो, तो प्रसंग बॅम्बिनोलाही शोभला असता. परंतु सलीम-जावेद यांच्या गोष्टीत मैत्रीची किंमत मोजावी लागते आणि जय मरतो. बार्बोनीच्या जगात त्याला मरू दिले नसते. तेथील दुःख फार फार तर इतकेच, की थोरल्याने चोरायला ठेवलेले घोडे धाकट्याने मॉर्मनांना देऊन टाकले. ‘शोले’ आपल्याला रडवतो म्हणून तो मोठा आणि हे किरकोळ, असे मात्र मी म्हणणार नाही. जवळपास कोणाचाही जीव न घेता दोन तास धरून ठेवणे हे काही सोपे काम नव्हे.

प्रश्न : सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी? (एक वाचक, डोंबिवली)

1970 चा ‘ट्रिनिटी’ आणि लगेच 1971 चा दुसरा भाग. दुसऱ्यातल्या उंची उपाहारगृहाच्या प्रसंगाला पोटात थोडी भूक असलेली बरी. त्यानंतर ‘माय नेम इज नोबडी’. कोलित्सींचे तीन चित्रपट ओळख झाल्यावर पाहावेत, आधी पाहिल्यास हेच का ते दोघे, असे वाटेल. हिलने स्वतः दिग्दर्शित केलेला 1994 चा वेस्टर्न, ‘ट्रबलमेकर्स’, हा या जोडीचा शेवटचा चित्रपट. तो कच्चा आहे, पण बड स्पेन्सर 2016 साली गेला हे ठाऊक असताना त्या दोघांना उतारवयात पुन्हा एकमेकांवर डाफरताना पाहणे मला तरी आवडले. शक्य असेल तर इटालियन आवाज ठेवून खाली उपशीर्षके लावावीत. बॅम्बिनोला ग्लाउको ओनोरातो यांचा आवाज आहे आणि त्यांनी नुसता सोडलेला सुस्कारासुद्धा इंग्रजी आवृत्तीतल्या अर्ध्या पानाच्या संवादाहून अधिक बोलतो.