मुलगी क्लासमध्ये, पासपोर्ट लॉकरमध्ये

प्रश्न : मुलगी बी. ए. (राज्यशास्त्र), ७४ टक्के. जर्मन भाषेची बी-२ (मध्यमच्या वरची पातळी) परीक्षा पास. तिला जर्मनीत एम. ए. करायचंय आणि प्रबंध लिहायचाय २०२५ च्या जर्मन निवडणुकीनंतरच्या युरोप-अमेरिका संबंधांवर. जर्मन चॅन्सेलर मर्झ हे अमेरिकेच्या बाजूचेच गृहस्थ. ते आले, म्हणजे विषय संपला, असं माझं मत. आम्ही तिला यूपीएससीच्या क्लासला घातलं आहे. पूर्वपरीक्षा देईपर्यंत तिचा पासपोर्ट माझ्या लॉकरमध्ये राहील. तिचं मन कसं वळवावं?
– एक पालक, सांगली

उत्तर : गुण, परीक्षा, क्लास सगळं तुम्ही व्यवस्थित लिहिलंत, पण मी लॉकरपाशीच थांबले. मुलगी सज्ञान आहे, पासपोर्ट तिच्या नावाचा आहे. तो आधी तिच्या हातात द्या. बँक उघडी असेल तर उत्तराचा उरलेला भाग परत आल्यावर वाचलात तरी चालेल.

मन वळवण्याची युक्ती मी सांगणार नाही. तुमच्या पत्रात आम्ही काय केलं ते आहे, माझं मत आहे. ती काय म्हणते याचं एक वाक्यही नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून एक चक्कर मारून या. तिथली बहुतेक मुलं स्वतःच्या इच्छेनं बसलेली असतात, तरी दुसऱ्या-तिसऱ्या अटेम्प्टला पार थकून जातात. सक्तीनं बसवलेल्या मुलीचं काय होईल? बरं, ‘एकदा परीक्षा दे, मग तुझं तू बघ’ हा तह पाळणारे आईवडील मला फारसे भेटलेले नाहीत. पूर्वपरीक्षा पास झाली तर ‘आता मुख्य परीक्षा तरी दे’, नापास झाली तर ‘थोडक्यात हुकली, पुन्हा दे’.

आता तुमचा मर्झ यांच्याबद्दलचा गैरसमज. तो साहजिक आहे. हा माणूस अटलांटिक-ब्रुके या जर्मन-अमेरिकन मैत्री जोपासणाऱ्या संस्थेचा दहा वर्षं अध्यक्ष होता, ब्लॅकरॉक या अमेरिकी कंपनीच्या जर्मन शाखेतही वरच्या पदावर होता. पण २३ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री, निकाल लागत असतानाच टीव्हीवर तो काय म्हणाला? युरोप लवकरात लवकर बळकट करायचा, म्हणजे टप्प्याटप्प्यानं अमेरिकेपासून स्वतंत्र होता येईल. त्याआधी नऊच दिवस अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स म्युनिकमध्ये युरोपला चार शब्द सुनावून गेले होते आणि एएफडी या कट्टर उजव्या पक्षाच्या नेत्या वायडेलबाईंना भेटले होते. त्या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली. मर्झ यांच्या आघाडीला २८.५ टक्के, म्हणजे एसपीडी या डावीकडे झुकलेल्या मध्यममार्गी पक्षाला बरोबर घेतल्याशिवाय सरकार नाही. पुढची गंमत पाहा. नव्या संसदेत ६३० जागा, त्यात एएफडीच्या १५२ आणि डाव्या पक्षाच्या ६४. दोघं मिळून एक तृतीयांशाच्या वर, आणि घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे ती त्यांच्याशिवाय अशक्य. म्हणून नवी संसद बसायच्या आत, १८ मार्चला, जुन्याच संसदेकडून राज्यघटना बदलून घेतली : जीडीपीच्या एक टक्क्यावरचा संरक्षणखर्च राज्यघटनेनं सरकारी कर्जावर घातलेल्या मर्यादेच्या बाहेर. इतकी घाई अमेरिकेवर भरवसा असलेला माणूस करत नाही. आणि हाच माणूस जूनमध्ये ट्रम्प यांच्या जर्मनीत जन्मलेल्या आजोबांचा जन्मदाखला फ्रेम करून व्हाइट हाउसला घेऊन गेला! जाणारच. जर्मनीतला रामश्टाइनचा लष्करी तळ अमेरिकेचा, २०२४ मध्ये जर्मनीचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार अमेरिकाच. जुलै २०२५ मध्ये युरोपनं निमूटपणे १५ टक्के आयातशुल्क मान्य केलं, त्याची झळ जर्मन मोटारींना सगळ्यात आधी. दूर व्हायचंय आणि तुटायचं तर नाही, अशा या कोंडीत तुमच्या मुलीचा विषय दडलाय.

तरी तिलाही दोन गोष्टी ऐकवते. प्रबंधाला हा विषय अफाट आहे. संरक्षणखर्च किंवा मोटारींवरचं शुल्क, एकच धागा धर. आणि बी-२ वर बर्लिनमध्ये धोरणविषयक काम मिळत नाही. जर्मन खासदाराचं भाषण ऐकून त्याच दिवशी टिपण काढता यायला हवं. त्याला सी-१ ही त्यावरची पातळी लागते, आणि तीही सराईत. अशा संशोधनसंस्थांमध्ये जागा थोड्या असतात आणि तिथे जर्मन मुलंही रांगेत असतात. चाकणच्या जर्मन कंपन्यांमध्ये भाषेवर नोकरी मिळू शकेल, पण ती वाट वेगळी. परराष्ट्र सेवेची इच्छा तिला स्वतःला असेल तर यूपीएससीचं पुन्हा बोलू. एम. ए. दिल्लीच्या जेएनयूत करायचं तर सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा, जर्मनीत करायचं तर पदवीची पडताळणी करणारं एपीएस प्रमाणपत्र आणि राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं ब्लॉक्ड अकाउंट. ही माहिती तिनं एव्हाना काढलेली असेलच. आवड किती खरी आहे याची शंका तुम्हाला असेल, तर ती रास्त आहे. पण त्यासाठी पूर्वपरीक्षा कशाला? मर्झ सरकारचा आघाडी करार एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला, १४४ पानांचा, जर्मनमध्ये. त्यात अमेरिकेबद्दल काय लिहिलंय आणि काय टाळलंय, यावर तिनं दोन पानं लिहावीत, मूळ जर्मन वाचून. महिनाभर पुरे. वाचताना कंटाळली तर तिचं तिलाच कळेल.

दोन पानं झाली की मला पाठवायला सांगा, तिच्या स्वतःच्या ईमेलवरून. पुढचं मी तिच्याशीच बोलेन.