परदेशी भाषेची परीक्षा : द्यावी की न द्यावी?

प्रश्न : मुलगी सयाजीराव विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीत इंग्रजी माध्यमातून मास्टर्स करायचंय. क्लासवाले म्हणतात, आधी जर्मनची बी-टू (मध्यमच्या वरच्या पातळीची) परीक्षा द्या. — एक आई, दांडिया बाजार, बडोदा

प्रवेशासाठी म्हणून नको. कोर्स पूर्ण इंग्रजीत असेल तर विद्यापीठं बहुधा इंग्रजीचाच पुरावा मागतात. क्लासची फी भरण्याआधी त्या कोर्सचं पान उघडा आणि भाषेची अट मुलीसोबत बसून नीट वाचा. कुठे इंग्रजी माध्यमातून शिकल्याचं विद्यापीठाचं पत्र चालतं, कुठे आयएलटीएस ही इंग्रजीची परीक्षाच लागते, तीही अकॅडमिक प्रकारची, जनरल नव्हे. एपीएस प्रमाणपत्राला (म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याच्या दाखल्याला) वेळ लागतो, त्याचा अर्ज आधी करा. जर्मन तिने जरूर शिकावं, तिथे रोज उपयोगी पडेल. पण बी-टूच्या धावपळीत शेवटच्या वर्षाचे मार्क गेले तर ते भरून निघत नाहीत.

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला. त्याला जर्मनीतच, जर्मन माध्यमातून पदवी घ्यायची आहे. — एक वडील, रावपुरा, बडोदा

मग परीक्षा टळत नाही. टेस्टडाफ या जर्मन भाषेच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि विद्यापीठं सहसा चारही भागांत टीडीएन ४ ही श्रेणी मागतात. संभाषणाच्या वेळी समोर परीक्षक नसतो. हेडफोन लावून कॉम्प्युटरला उत्तर द्यायचं असतं. वर्गात घडाघडा बोलणारी मुलंही तिथे अडखळतात. म्हणून आतापासून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून सराव करू द्या.

पण ही पुढची पायरी झाली. आपल्या नुसत्या बारावीवर तिथे सहसा थेट प्रवेश मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असेल किंवा इथल्या कॉलेजचं एक वर्ष झालं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर स्टुडिएनकोलेग, म्हणजे तिथला पदवीपूर्व तयारीचा कोर्स, करावं लागतं, आणि त्याची प्रवेश परीक्षा जर्मनमध्ये असते. त्यामुळे सध्या गोएथे या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेची बी-वन (बी-टूच्या खालच्या पातळीची) परीक्षा गाठा. तिच्या चार भागांत प्रत्येकी ६० टक्के लागतात; एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. अहमदाबादला गोएथे-झेंट्रुम आहे, तिथे तारखांची चौकशी करा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आयएलटीएस आत्ताच देऊन ठेवू का? — एक विद्यार्थिनी, वाडी, बडोदा

नको गं. निकाल दोनच वर्षं चालतो. प्रवेश एका वर्षाने लांबला तर फी पाण्यात. अकरावीनंतरच्या सुट्टीत दे. कॉम्प्युटरवर दिलीस आणि एकच भाग कमी पडला, तर ६० दिवसांत तेवढाच पुन्हा देता येतो. मात्र तुझं विद्यापीठ तो निकाल धरतं का, हे आधी त्यांना ईमेल करून विचार.