पाचारण होतं, की आईचा नवस?

"मॅडम, सेमिनरीत दोन वर्षं झाली आणि आता मला प्रार्थनाच करता येत नाही. मग मला पाचारण नव्हतंच का? सोडून देऊ?"

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून दोनदा-तीनदा तरी येतो. सेमिनरी म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणारं कॉलेज. कधी शिकणारा मुलगाच विचारतो, कधी त्याची मोठी बहीण, कधी आई स्वयंपाकघरातून हळू आवाजात फोन करते. पाचारण म्हणजे देवानं आपल्याला या सेवेसाठी हाक मारली आहे, ही आतली खात्री. पाळक, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चचा धर्मगुरू, व्हायला निघालेल्या मुलाला ती आधी आपल्या मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, आणि मग निवड समितीपुढे शब्दांत सांगावी लागते. एकदा चारचौघांत सांगून झाली, की ती डळमळली तरी बोलायची सोय राहत नाही. खरी अडचण तिथे आहे.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर वर्षानुवर्षं फिरायला जाऊनही, त्या टेकडीला हे नाव कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे पडलंय, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ज्या मुलाबद्दल लिहिते आहे तो प्रॉटेस्टंट घरातला. म्हणजे फादर नाही, पाळक होणार. लग्न करून, संसार सांभाळून सेवा करणार. 'मी सेमिनरीत चाललो' असं त्यानं कॉलेजातल्या मित्रांना सांगितलं तेव्हा एकानं विचारलं होतं, "कोणासोबत?" नागपूरकरांना विनोद समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी: ती टेकडी जोडप्यांची फिरायची जागा. (त्याची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तीन वर्षांपूर्वीचा मे. दुपारी तीनची वेळ त्यानं स्वतः मागून घेतली होती, कारण त्या वेळी सदर भागातल्या रस्त्यावर ओळखीचं कुत्रंही भेटत नाही. डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. खोलीत आला तरी दोन मिनिटं तो सोडेना. कूलरचा आवाज मोठा, त्याचा बारीक, म्हणून मी कूलर बंद केला आणि तासभर दोघंही घामानं भिजलो.

वय चोवीस. बी.ए. करून दक्षिणेतल्या एका सेमिनरीत बी.डी.ला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीला, गेलेला. पदवीनंतरचा चार वर्षांचा अभ्यास, पदवी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची. डेन्मार्कच्या राजाची १८२७ ची सनद आहे तिला, मुंबई विद्यापीठापेक्षा तीस वर्षं जुनी, हे त्यानं अभिमानानं सांगितलं. त्या तासात मान वर करून बोललेलं तेवढं एकच वाक्य. पूर्वी विदर्भातल्या मुलांना यवतमाळची सेमिनरी जवळ होती, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. आता पुणे, जबलपूर, नाहीतर थेट दक्षिण. दोन दिवसांचा प्रवास, परकी भाषा, सांबारभात आणि वर हिब्रू.

प्रार्थना होत नाही, झोप पहाटे तीनला उघडते, मंडळीतल्या लोकांना टाळतो. जूनमध्ये परत जायचं नाही, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. कारण विचारलं तर बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला आणि दुसरा अध्याय काढला. पहिल्यात आधी जनावरं, मग माणूस. दुसऱ्यात आधी माणूस, मग जनावरं. लहानपणापासून दोन्ही वाचले, पण हे वर्गात सरांनी फळ्यावर दोन रकाने करून दाखवलं तेव्हा कळलं. "त्या दिवशीपासून काहीतरी सुटलं," तो म्हणाला.

मी त्याचं ऐकलं आणि तिथेच चुकले. मुलाला नको असलेला कोर्स सोडायचाय, आईवडिलांचा दबाव आहे, असा साचा माझ्या डोक्यात तयार होता. इंजिनिअरिंगची पोरं बघून बघून तो पक्का झालेला. मी कागद घेतला आणि एम.एस.डब्ल्यू., बी.एड., स्पर्धा परीक्षा असे पर्याय लिहून दिले. त्यानं कागदाची नीट चौपदरी घडी केली, "थँक्यू मॅडम" म्हणाला आणि पुढच्या दोन वेळांना आलाच नाही.

मग आईचा फोन आला.

"मॅडम, बाबू जेवून नाही राह्यला जी. रात्री गच्चीवर जाऊन बसते." आणि थोडं थांबून, "आम्ही तं त्याले देवाले देल्ला होता. दोन वर्षाचा होता तवा न्यूमोनिया झाला, डॉक्टरनं हात टेकले होते. मी नवस बोलली, वाचला तं तुझाच. आता कोन्त्या तोंडानं चर्चात जाऊ?"

ख्रिस्ती घरात नवस? पाळकसाहेब ऐकतील तर 'अर्पण' म्हणा म्हणतील. पण आईच्या तोंडात शब्द नवसच होता, आणि मुलगाही त्याच शब्दावर वाढला होता.

मी त्याला स्वतः फोन केला, माझं चुकलं म्हणाले, तो कागद फाडून टाक म्हणाले. तो आला. या वेळी आधी झोप, भूक, मन कशात लागतं का, हे सगळं रीतसर विचारलं. नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते, २७ पैकी गुण. त्याचे अकरा आले, म्हणजे मध्यम. जीव नकोसा होतो का, हे मी सरळ विचारते, आडून नाही. तसं नव्हतं, गच्चीवर आई-बाबांना दिसू नये म्हणून जायचा. तरी मानसोपचारतज्ज्ञाकडे एकदा पाठवलंच. "सैतानाची परीक्षा आहे, उपास कर" असं त्याला एका काकांनी सांगितलं होतं. जेवण तुटलेल्या मुलाला उपास!

त्याच भेटीत कळलं, की उत्पत्तीचे दोन रकाने पहिल्या वर्षीचे होते, आणि झोप उडाली ती आता, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. मधलं दीड वर्ष तो उत्तम शिकत होता, गुणही चांगले. मग शेवटी काय झालं?

"हॉस्पिटल," तो म्हणाला.

पाळकांच्या प्रशिक्षणात हा भाग बऱ्याच ठिकाणी असतो. काही आठवडे वॉर्डात जायचं, रुग्णांशी, नातेवाइकांशी बोलायचं आणि खोलीवर येऊन ते संभाषण आठवेल तसं शब्दशः लिहायचं. त्याला 'व्हर्बेटिम' म्हणतात. समोरच्याचं वाक्य, आपलं वाक्य, प्रत्येकाला क्रमांक. रडणं, गप्प राहणं, नर्सचं मध्येच येणं, सगळं कंसात. मग ते गटात मोठ्यानं वाचतात आणि बाकीचे विचारतात, हे तू का म्हणालास? सल्ला रुग्णासाठी होता की तुझी भीती घालवायला? आम्हा समुपदेशकांच्या शिक्षणातही हाच प्रकार असतो, त्यामुळे इथे मी पहिल्यांदा ओळखीच्या रस्त्यावर आले. त्याला सांगितलं, की ही पद्धत सुरू करणाऱ्यांपैकी एक, अँटन बॉयसन, स्वतः पाळक होता आणि १९२० मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाला होता, रुग्ण म्हणून. बरा झाल्यावर तशाच एका रुग्णालयात धर्मसेवक झाला आणि १९२५ च्या उन्हाळ्यात चार विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकायला घेऊन गेला. "हे आम्हाला परीक्षेला होतं," तो म्हणाला, "पण तो पहिले रुग्ण होता हे मी पाठच नव्हतं केलं."

पुढच्या वेळी तो वही घेऊन आला. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची.

आयसीयूबाहेरच्या बाकावर एक बाई. गोंदियाकडची, नवऱ्याला व्हेंटिलेटरवर ठेवलेला. सगळ्या मजल्यावर हिची भाषा समजणारा हा एकटा. ओळ दोन, तिची: "तुम्ही आपल्याकडचे ना जी?" ती ख्रिस्ती नव्हती. ओळ सात: "तुमच्या देवाले सांगा नं." आणि यानं सांगितलं, नऊ दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ, बरं कर म्हणून. नवव्या दिवसाचं पान वेगळं होतं. ओळ तेरा, तिची: "मशीन बंद करतो म्हणतात." ओळ चौदा, त्याची: "मी प्रार्थना करतो." ओळ पंधरा, पुन्हा त्याची: "बॉडीचे कागद मी बघतो, तुम्ही बसा." लागून दोन ओळी एकाच माणसाच्या. कंसात काही नाही. चौदावर वेळ दीडची, पंधरावर चारची.

"मधे काय झालं?"

"काही नाही."

मी थांबले. बाहेर कोणीतरी बर्फाचा गोळा विकत होतं, घंटी वाजवत.

"मी जिन्यात जाऊन बसलो. अडीच तास. ती तिथे एकटी होती. माझ्याशिवाय कोणाशी बोलता येत नव्हतं तिला." मग बऱ्याच वेळानं, "गटात वाचताना सरांनी वेळ पाहिलीच नाही. शाबासकी दिली, कागदपत्रात मदत केली म्हणून."

म्हणजे दोन महिने तो देवाबद्दलचे प्रश्न सांगत होता आणि आत दुसरंच बोचत होतं: मी पळालो. देवावरचा प्रश्न खोटा होता असं मी म्हणणार नाही, तोही होताच. पण तो उघड विचारता येत होता. सेमिनरीत अशा प्रश्नांचं कोणाला फार वाटत नाही, त्यावर निबंध लिहून घेतात. पळालो हे सांगायला जागा नव्हती, कारण ज्या मार्गदर्शकापाशी मन मोकळं करायचं, तोच वर्षाअखेर चर्चला अहवाल पाठवतो. हे मला या प्रशिक्षणातलं सगळ्यात कच्चं काम वाटतं. ऐकणारा आणि गुण देणारा माणूस एकच असू नये. म्हणून अशा मुलांना मी पहिल्यांदा हेच विचारते: तुझ्यावर अहवाल न लिहिणारा, तुझ्या पंथातला एखादा म्हातारा माणूस आहे का? याच्याकडे होता, निवृत्त पाळक, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला. त्यांच्याकडे जायला लागला.

नवसाची गाठ मात्र माझ्याच खोलीत सुटली, किंवा सैल झाली म्हणू. "माझ्या आईचं ऐकलं," तो म्हणाला, "मग त्या बाईचं का नाही?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याच्यासाठी प्रार्थना म्हणजे सौदा होता, आणि तो खरा असल्याचा पुरावा म्हणजे तो स्वतः, जिवंत. गोंदियाच्या बाईच्या वेळी सौदा फिसकटला, तर मग त्याचं स्वतःचं वाचणं तरी कशाचं? आणि त्या बदल्यात देऊ केलेलं आयुष्य?

मी म्हटलं, "बायबलमधली ती शमुवेलाची गोष्ट सांग मला. तीही नवसाचीच ना?" खोटं कशाला बोलू, आदल्या रात्री वाचून ठेवली होती. त्यानं सांगितली, संडे स्कूलच्या मुलांना सांगतात तशी, हातवारे करून. हन्नाला मूल नाही, ती नवस करते, मुलगा झाला तर तुला देईन. दूध तुटल्यावर त्याला मंदिरातल्या याजकाच्या, एलीच्या, हवाली करते. मग तो मंदिरात वाढतो, सेवा करतो. मग एका रात्री हाक येते, तो समजतो एलीच बोलावतोय, उठून धावतो, एकदा, दोनदा, तीनदा...

तिथे थांबला. "आईचा नवस पहिल्या अध्यायात आहे."

"हो."

"हाक तिसऱ्यात." मग वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही. "आणि तोवर त्याला परमेश्वराची ओळख झाली नव्हती असं स्पष्ट लिहिलंय. मंदिरात झोपत होता तरी."

मी यावर काही बोलले नाही. शास्त्र त्याचं, अर्थ त्यानं लावायचा.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. मंडळीचा पैसा घेतलाय, आता सुटका नाही, असं तो धरून चालला होता. पैसा देताना मंडळीनं दिलेलं पत्र मी मागवलं. त्यानं ते दोन वर्षांत पूर्ण वाचलंच नव्हतं. मध्येच थांबण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. प्राचार्यांना पत्र लिहून एक वर्षाची रजा मिळते, तशी मिळाली. त्याला हेही आठवून दिलं, की पदवी हातात आली म्हणून कोणी पाळक होत नाही. त्यानंतर उमेदवारी असते, मुलाखती असतात, बऱ्याच पंथांत आधी डिकन, म्हणजे पहिल्या पायरीचा धर्मसेवक, आणि मग पुढचा दीक्षाविधी. मेच्या उन्हात, झोप नसताना, आयुष्याचा निकाल एकट्यानं लावायची गरज नव्हती. आईला एवढंच सांगितलं, की बाई, त्याला चर्चच्या दारात चार लोकांदेखत 'परत कधी जाणार' विचारू नका, आणि दुसऱ्या कोणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्या. त्या म्हणाल्या, "देतो नं. मले कोन घाबरवते!"

वर्षभर तो नागपुरातच राहिला. सकाळी दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या, बुधवारी म्हाताऱ्या पाळकांचा हात धरून हॉस्पिटलात. ते फार बोलत नाहीत, खुर्ची ओढून बसतात, असं त्यानं सांगितलं. प्रार्थना? स्वतःच्या शब्दांत नव्हती होत. मग त्यांनी त्याला ८८ वं स्तोत्र दिलं, रोज मोठ्यानं वाचायला. विलापाची बाकीची बरीच स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. "मॅडम, हेपण बायबलमध्येच आहे," असं मला सांगताना त्याच्या आवाजात थोडी चोरी पकडल्याची मजा होती.

दुसऱ्या जूनमध्ये तो वही परत घ्यायला आला. माझ्या कपाटात राहिली होती. रजा संपत होती, रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलेलं. चौथं वर्ष पुरं करीन की नाही माहीत नाही, तिसरं करतो, म्हणाला. निघताना टेबलावरचं माझं पेन घेतलं, नवव्या दिवसाचं पान काढलं आणि चौदा आणि पंधराच्या मधल्या बारीक जागेत, कंसात, उभ्यानंच काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "सदरवरून स्टेशनला ऑटोवाला आता किती घेतो?"