'एक्स्टेंड' म्हणजे 'वाढवणे', मग पगार वाढला की 'सॅलरी एक्स्टेंड झाली' का म्हणत नाहीत?

तुमची शंका अगदी रास्त आहे. शब्दकोशात पहिला अर्थ 'वाढवणे' असाच दिलेला असतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

एक टोक जागच्या जागी ठेवून दुसरं टोक पुढे नेलं, की ते एक्स्टेंड. लॅटिनमधल्या 'ताणणे' अर्थाच्या क्रियापदावरून हा शब्द आला आहे. पगार, भाव, वजन वाढतं त्याला 'इन्क्रीज' म्हणतात. धंदा चहूबाजूंनी पसरतो त्याला 'एक्स्पांड'.

पश्चिम रेल्वेचं बघा. विरारपर्यंत जाणारी लोकल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत जायला लागली. चर्चगेट होतं तिथेच राहिलं, पलीकडचं टोक सरकलं, म्हणून 'एक्स्टेंडेड टू डहाणू रोड'.

मुदतीचंही तसंच. २०२५ मध्ये ऑडिट लागू नसलेल्या करदात्यांसाठी आयकर विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेली आणि ऐन शेवटी आणखी एक दिवस दिला. ही शेवटची वाढ दोन तऱ्हांनी सांगता येते: 'एक्स्टेंडेड टू सिक्स्टीन्थ सप्टेंबर', म्हणजे १६ तारखेपर्यंत, किंवा 'एक्स्टेंडेड बाय वन डे', म्हणजे एका दिवसाने. साहेबांना मेल लिहिताना हे 'टू' आणि 'बाय' जरूर तपासा. 'प्लीज एक्स्टेंड द डेडलाइन बाय फ्रायडे' असं लिहिलंत, तर मुदतवाढीचा निर्णय शुक्रवारच्या आत घ्या, असाही अर्थ निघतो.

आपल्याकडे सर्रास होणारी गल्लत मात्र 'पोस्टपोन'शी होते. चारची मीटिंग पाचला संपायची ती सहापर्यंत चालली, तर एक्स्टेंड झाली. चारची मीटिंग उद्यावर गेली, तर ती पोस्टपोन झाली, कारण सुरुवातही हलली. परीक्षा किंवा लग्न पुढे ढकललं तर एक्स्टेंड म्हणू नका.

हात पुढे करणं हाही एक्स्टेंडच. 'एक्स्टेंड ॲन इन्व्हिटेशन', 'एक्स्टेंड अवर ग्रीटिंग्ज' हे त्याच अंगाने आले. पत्रात, भाषणात ते शोभतं; मित्राला चहाला बोलावताना 'इन्व्हाइट' पुरे.

'एक्स्टेंड'च्या शेवटी 'ड'च्या जागी 'ट' आला तर शब्दच वेगळा: 'टू सम एक्स्टेंट' म्हणजे काही अंशी.

'एक्स्टेन्शन' हे नाम तर घरोघरी आहे. कूलरचा प्लग भिंतीपर्यंत पुरत नाही तेव्हा लागतो तो एक्स्टेन्शन बोर्ड. नोकरीत मिळते ती मुदतवाढ. मला स्वतःला सगळ्यात आवडणारा वापर कृषी विद्यापीठांतला आहे. तिथे 'एक्स्टेन्शन'ला 'विस्तार शिक्षण' म्हणतात: प्रयोगशाळेत आणि प्रक्षेत्रावर सिद्ध झालेलं तंत्र शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेऊन पोचवायचं काम.