त्रिकोण सरकवला तर मोठा कसा झाला?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, शाळा इंटरनॅशनल बोर्डाची, त्यामुळे तिला ग्राफवर त्रिकोण सरकवायची गणितं येतात जी आम्हाला कधी नव्हती. त्रिकोण होता अ (−२, १), ब (१, १), क (−२, ५), आणि तो ४ घरं डावीकडे, ३ घरं खाली न्यायचा होता. तिचं उत्तर आलं अ (६, −२), ब (−३, −२), क (६, २). काढून बघितला तर त्रिकोण लांबट झाला आणि उलटापण. सरकवल्यावर असं होतं का? त्यात अकरावीतला भाऊ तिला सांगतो की मायनस ४ म्हणजे ग्राफ उजवीकडे जातो. खरं कोणाचं? – एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, असं कधीच होत नाही, आणि तुम्ही आकृती काढून बघितलीत म्हणूनच चूक सापडली, नुसते आकडे बघून ती दिसली नसती.

डावीकडे ४ म्हणजे प्रत्येक बिंदूच्या एक्समधून (कंसातला पहिला आकडा) ४ वजा, खाली ३ म्हणजे प्रत्येक वायमधून (दुसरा आकडा) ३ वजा. तिन्ही बिंदूंना अगदी तेच. तिने वाय सगळे बरोबर काढलेत, ब पण बरोबर आहे, घोळ फक्त −२ − ४ मध्ये झालाय. तिथे ‘मायनस मायनस प्लस’ लावून तिने ६ लिहिलं. तो नियम गुणाकाराचा, किंवा ऋण संख्या वजा करताना चालतो, इथे नाही चालत. तिला संख्यारेषेवर −२ वर बोट ठेवायला सांगा आणि तिथून चार घरं डावीकडे जायला सांगा, बोट −६ वरच थांबेल. म्हणजे बरोबर उत्तर अ (−६, −२), ब (−३, −२), क (−६, २).

आता तपासायचं कसं, कारण परीक्षेत शेजारी कोणी नसतं. अ पासून ब किती लांब ते आधी आणि नंतर बघायचं. आधी ३ घरं उजवीकडे होता, नंतरही ३ घरं उजवीकडेच हवा. तिच्या उत्तरात तो ९ घरं डावीकडे गेलाय, म्हणून त्रिकोण लांबला पण आणि उलटला पण. दोन्ही बिंदूंतून तेच ४ वजा केले की त्यांच्यातला फरक तसाच राहतो, आणि अंतराच्या सूत्रात फक्त फरकच वापरलेले असतात, त्यामुळे बाजू ३, ४, ५ होत्या त्या ३, ४, ५ च राहतात आणि बाबाबा (बाजू-बाजू-बाजू, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या) कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप. क्षेत्रफळ ६ चं ६ च, तिच्या आकृतीचं येतंय १८.

भाऊपण चुकीचं बोलत नाहीये, फक्त तो समीकरणाबद्दल बोलतोय आणि बहीण बिंदूबद्दल, आणि मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात ती इथेच. वाय = एक्सचा वर्ग हा ग्राफ ४ घरं उजवीकडे नेला की समीकरण होतं वाय = (एक्स − ४) चा वर्ग. का, तर समजा सगळ्या लोकल ४ मिनिटं लेट धावतायत. प्रत्येक गाडी पुढे सरकली, म्हणजे अधिक ४. पण ८:२४ ला आलेली गाडी टाइमटेबलमधली कुठली हे शोधायला तुम्ही ४ वजा करून ८:२० बघता. समीकरण हे जुनं टाइमटेबल आहे, नवीन एक्स आला की त्याला जुना एक्स विचारावा लागतो, म्हणून तिथे मायनस. बिंदू स्वतः सरकतो तेव्हा असं मागे जाऊन काही विचारायचं नसतं, उजवीकडे अधिक, डावीकडे वजा.

दोघांना एकत्र बसवून उलटं गणित द्या. सरकवून झाल्यावर बिंदू (−६, −२) वर आहे, ४ डावीकडे आणि ३ खाली आलाय, तर मुळात कुठे होता? आता ४ आणि ३ मिळवावे लागतील, आणि भाऊ ज्या चिन्हाबद्दल सांगत होता ते उलटं का होतं हे बहिणीला स्वतःच्या हाताने करून कळेल.