चिखल, धूळ आणि पाना : वाचकांचे प्रश्न

ऑफ-रोड, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणाऱ्या गाड्यांबद्दलच्या पत्रांचा या वेळचा गठ्ठा वाचताना एक गंमत लक्षात आली. निम्म्याहून अधिक पत्रं एकाच वाक्यावर संपतात : "तर ताई, आता काय घेऊ?" सायलेन्सर घेऊ का, डॅम्पर घेऊ का, गाडीच बदलू का. घ्या की, माझी ना नाही. पण त्याआधी सीट काढून आत डोकवा, एक बादली आणि मोजायची टेप हाताशी ठेवा. बऱ्याच जणांचा खर्च तिथेच वाचेल.

प्रश्न : माझी 250 सीसीची फोर-स्ट्रोक एन्ड्युरो गाडी पहिल्यासारखी ओढत नाही. चालू करायला किक मारून मारून पाय भरून येतो. ऑइलही कमी होतं. एअर फिल्टर दर रविवारी कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून घेतो, त्यामुळे तो प्रश्न नाही. मित्र म्हणतात मोठा सायलेन्सर बसव, पिकअप येईल. बसवू का?

उत्तर : नका बसवू. आणि "तो प्रश्न नाही" असं ज्याच्याबद्दल लिहिलंत, तोच प्रश्न आहे.

तुमच्या गाडीचा फिल्टर कागदाचा नाही, फोमचा आहे. नुसता फोम धूळ अडवत नाही. धूळ अडवतं ते फोममधलं चिकट तेल. कॉम्प्रेसरने फुंकलं की वरवरची माती उडते, बारीक धूळ आणखी आत जाते आणि हवेच्या जोराने फोमची छिद्रं मोठी होतात. तेल तर केव्हाच सुकलेलं असणार. म्हणजे दर रविवारी तुम्ही इंजिनात धूळ जायची वाट थोडी रुंद करत होतात.

धुळीत मुख्यतः वाळूचे कण असतात, सिलिका. ते ऑइलमध्ये मिसळले की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतात. रिंगा झिजतात, सिलिंडर झिजतो, ऑइल जळायला लागतं. इनटेक व्हॉल्व्हची कड झिजली की व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसत जातो आणि त्याचा क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी मुद्दाम ठेवलेली बारीक फट, संपतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि किक मारून मारून जीव जातो. तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच दारातून आत आल्या आहेत, असं मला दिसतं.

खात्री करून घ्या. फिल्टर काढा, पांढरं फडकं बोटाला गुंडाळा आणि फिल्टरच्या मागच्या रबरी नळीत, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, आतून फिरवा. फडकं स्वच्छ आलं पाहिजे. थोडा तेलकटपणा चालेल. पण बोटांत चोळल्यावर करकर लागली, तर धूळ फिल्टर ओलांडून गेली आहे. मग मेकॅनिककडून आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासून घ्या आणि नंतर लीक-डाउन टेस्ट. नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. अशा बहुतेक इंजिनांत किक हलकी व्हावी म्हणून थोडा दाब सोडून देणारं ऑटो-डिकॉम्प्रेशन असतं, त्यामुळे गेजचा आकडा फसवा येतो. लीक-डाउनमध्ये सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. क्रँककेसच्या ब्रीदरमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस आली तर रिंगा गेल्या, कार्ब्युरेटरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

आता फिल्टर धुण्याबद्दल. पेट्रोलमध्ये धुऊ नका. आगीचा धोका आहेच, शिवाय फोमचे दोन थर ज्या गोंदाने चिकटवलेले असतात तो सुटतो. फिल्टर क्लीनरमध्ये बुडवा, मग कोमट पाण्यात साबण घालून धुवा. दाबा, पण पिळू नका. पिळलं की शिवण उसवते. सावलीत पूर्ण वाळू द्या. मग हातमोजे घाला (नाहीतर ते तेल बोटांवरून दोन दिवस जात नाही) आणि फिल्टर ऑइल ओतून मळा. हे तेल मुद्दाम रंगीत असतं. सगळीकडे सारखा रंग दिसला की पुरे. फिकट ठिपका राहिला तर तिथे तेल पोचलेलं नाही. इंजिन ऑइल लावून भागवू नका, ते ओघळून खाली जमतं आणि फिल्टरचा वरचा भाग कोरडा पडतो. शेवटी, जिथे फिल्टर एअरबॉक्सवर टेकतो त्या कडेला ग्रीसचा पातळ थर. ही कड लोक हमखास विसरतात. फिल्टर कितीही चकाचक असला तरी कडेला फट राहिली, तर हवा तिथूनच जाणार.

धुळीच्या वाटेवर दिवसभर दुसऱ्यांच्या मागून गेलात तर संध्याकाळी फिल्टर बदलायचा, रविवारची वाट बघायची नाही. तेल लावलेले दोन जादा फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत तयार असू द्या. घ्यायचंच असेल तर हे घ्या.

प्रश्न : चेन किती घट्ट असावी? रस्त्यावरच्या गाडीइतकीच ठेवतो.

उत्तर : मग ती फार घट्ट आहे. ऑफ-रोड गाडीचं मागचं चाक कितीतरी जास्त वर-खाली होतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. मागचा शॉक सोडवून चाक त्या रेषेत आणा आणि तिथे चेन किंचित सैल राहील अशी लावा. मग शॉक परत जोडा, गाडी स्टँडवर घ्या आणि चेन किती झोल खाते ते मोजून लिहून ठेवा. पुढच्या वेळी शॉक सोडवायला नको. घट्ट चेन आधी गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं सील आणि बेअरिंग खाते, तुटते नंतर.

प्रश्न : माझं वजन 95 किलो. उडी मारून खाली आलो की मागचा शॉक तळाला आदळतो. म्हणून प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) रिंग फिरवत फिरवत घट्ट केली. आदळणं थोडं कमी झालं, पण आता वेगात हँडल थरथरतं. स्टिअरिंग डॅम्पर घेऊ का?

उत्तर : प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. गाडीची मागची बाजू फक्त उंच होते. मागचं उचललं गेलं, भार पुढच्या चाकावर आला, फोर्क जास्त उभा झाला, म्हणून हँडल थरथरायला लागलं. डॅम्पर लावून ती थरथर दाबता येईल, पण शॉक आदळायचा तो आदळणारच.

टेप काढा. मागचा अ‍ॅक्सल आणि त्याच्या बरोबर वर मडगार्डवर मार्करने केलेली एक खूण, यांतलं अंतर तीनदा मोजायचं. पहिल्यांदा गाडी स्टँडवर असताना, चाक अधांतरी. दुसऱ्यांदा गाडी स्वतःच्या चाकांवर उभी, वर कुणी नाही. तिसऱ्यांदा तुम्ही हेल्मेट-बुटांसकट वर, दोघांनी धरलेलं. समजा आकडे आले 610, 600 आणि 505 मिलिमीटर. म्हणजे तुमच्या वजनाने गाडी 105 बसते. मोठ्या मोटोक्रॉस नि एन्ड्युरो गाड्यांना साधारण 100 ते 105 योग्य मानतात, मागच्या चाकाच्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. हा आकडा बरोबर. पण रिकामी गाडी नुसती 10 बसते, ती 30 ते 40 बसायला हवी. याचा अर्थ स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि तिला उगाच दाबून ठेवलं आहे. तुमच्या गाडीचे आकडे असेच येतील, असा माझा अंदाज आहे. या गाड्यांची कारखान्यातली स्प्रिंग तुमच्यापेक्षा हलक्या स्वाराला धरून बसवलेली असते. तेव्हा नवी, कडक स्प्रिंग लागेल, आणि फोर्कच्याही बघाव्या लागतील. डॅम्पिंगचे क्लिकर (शॉकची हालचाल मंद-जलद करायचे स्क्रू) त्यानंतर. आधी त्यांना हात लावू नका, नाहीतर कशाने काय बदललं ते कळणार नाही.

जाता जाता, पुढचं चाक उचलून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगची बेअरिंगं संपली आहेत. थरथरीला तेही कारण असू शकतं.

प्रश्न : मुलगा 9 वर्षांचा आहे. माझ्या एटीव्हीची (कच्च्या वाटेवरच्या चारचाकी मशीनची) सीट लांब आहे, म्हणून त्याला पुढे बसवून हळूहळू फिरवतो. आता तो स्वतः चालवायला मागतो. माझीच मशीन वेग कमी करून द्यावी का?

उत्तर : दोन्ही बंद करा. कठोर वाटेल, पण यात मधला मार्ग नाही.

सीट लांब आहे ती दुसऱ्याला बसवायला नव्हे, चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकायला. बहुतेक स्पोर्ट एटीव्हींचा मागचा अ‍ॅक्सल सलग असतो, दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात. वळताना मशीन सरळच जायला बघते. तिला वळवायचं तर चालवणाऱ्याने अंग आत झुकवायचं आणि भार बाहेरच्या पायावर द्यायचा. चढावर पुढे, उतारावर मागे. मांडीत मूल असताना यातलं तुम्ही काय करणार? आणि मशीन उलटली तर कामाच्या मोठ्या एटीव्हीचं अडीचशे किलोंच्या वरचं वजन आधी कुणावर येईल, तेही बघा.

ही भीती नुसती माझी नाही. अमेरिकेत 1980च्या दशकात तीनचाकी एटीव्हींवर इतके अपघात झाले की 1988 मध्ये सरकार आणि कंपन्यांत करार होऊन त्यांची विक्री थांबली. मोठ्यांच्या मशीनला 16 वर्षांची अट तेव्हापासून आहे. वेग कमी केला तरी वजन नि रुंदी तीच राहते, मुलाचं अंग तिला झुकवू शकत नाही.

त्याच्या वयाची मशीन घ्या. ती जुनी असली तरी चालेल. फूटरेस्टवर उभा राहिल्यावर ढुंगण आणि सीट यांत तीन ते सहा इंच जागा हवी. हँडल पूर्ण वळवल्यावर दोन्ही हात पोचायला हवेत, मूठ न सोडता बोटं ब्रेकवर जायला हवीत. थ्रॉटल अडवणारा स्क्रू आणि मनगटाला बांधायची दोरी, जी ओढली की इंजिन बंद पडतं, या दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. पहिले कित्येक दिवस सपाट मैदान आणि फक्त ब्रेक शिकवा. त्याला कंटाळा येईल. येऊ दे.

प्रश्न : ओढा ओलांडताना गाडी आडवी झाली, इंजिन पाण्यात बंद पडलं. बाहेर काढून स्टार्टर दाबला, "टक" आवाज येऊन थांबलं. आता गाडी तशीच उभी आहे.

उत्तर : पुन्हा दाबू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

एअरबॉक्स उघडा. फिल्टर नि त्याच्या मागची नळी ओली असेल तर पाणी आत गेलं आहे. प्लग काढा, गाडी मागच्या चाकावर उभी करून सायलेन्सर रिकामा करा. मग प्लग नसतानाच किक मारा किंवा स्टार्टर फिरवा. भोकासमोर तोंड नेऊ नका, पिचकारी जोरात येते. प्लगची वायरही भोकापासून दूर ठेवा. कार्ब्युरेटर असेल तर बाउल (खालची पेट्रोलची वाटी) रिकामा करा. इंजिन हाताने मोकळं फिरत नसेल तर इथेच थांबा आणि मेकॅनिककडे न्या.

मोकळं फिरत असेल तरी चालू करण्याआधी ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर बदला, काही मिनिटं इंजिन चालवा, परत बदला. स्वच्छ दिसेपर्यंत. ऑइल नुसतं महाग नको, वेट क्लचला (इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या क्लचला) चालणारं हवं, डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 लिहिलेलं. आणि हे आजच करा. पाणी शिरलेलं इंजिन उभं राहिलं की बेअरिंगं गंजतात.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात आहे, नुकताच ट्रॅकवर जायला लागलोय. दोन-तीन फेऱ्यांतच पंजापासून कोपरापर्यंत हात दगडासारखे होतात, क्लच दाबवत नाही. जिम लावू?

उत्तर : अरे, ताकद कमी नाही, तू ती चुकीच्या जागी लावतोयस. हँडलला लटकतोयस. गाडी धरायची ती गुडघ्यांनी नि घोट्यांनी. हात फक्त दिशा देतात. तुझे बूट बघ. आतल्या बाजूचं रबर फ्रेमला घासून झिजलेलं नसेल, तर तू पायांनी धरतच नाहीस. क्लच नि ब्रेकवर एकच बोट. लीव्हर जरा खाली वळव, म्हणजे उभं राहिल्यावर मनगट सरळ येईल. कोपरं बाहेर, नजर पुढच्या वळणावर. आणि श्वास घे. तू तो कोंडून धरत असणार, नवे सगळेच धरतात. जिम लावलीसच तर मांड्यांसाठी लाव.

प्रश्न : एटीव्हीच्या बेल्टचा जळका वास येतो.

उत्तर : चढावर किंवा चिखलात सावकाश चालवताना लो रेंज टाका, हायमध्ये बेल्ट घसरून तापतो. पाण्यातून आल्यावर घसरत असेल तर बेल्टच्या कव्हरखालचा ड्रेन प्लग उघडून पाणी काढा.

प्रश्न : टू-स्ट्रोकमध्ये ऑइल थोडं जास्त टाकलं तर इंजिन अधिक सुरक्षित राहतं ना?

उत्तर : नाही. जेटमधून जाणारं मिश्रण तेवढंच असतं. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी होतं. म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली तुम्ही मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) करता. वर सायलेन्सरमध्ये काजळी साचते ती वेगळीच. पुस्तकात 40:1 लिहिलं असेल तर लिटरला 25 मिलिलिटर, 50:1 असेल तर 20. झाकणाच्या मापाने नको, खुणा असलेल्या भांड्याने मोजा आणि ओतण्याआधी कॅन हलवा. कॅनवर प्रमाण आणि तारीख मार्करने लिहून ठेवा. महिन्याहून जुनं मिश्रण वापरू नका. आणि हा कॅन फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलपासून लांब ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात मला पत्र तुमच्या भावाचं येईल.